लुगडे : नेसण आणि ओळख

(बी. ए. द्वितीय वर्ष)

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत, हे आपण प्राथमिक शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. यांपैकी अन्न पोटात जाते आणि निवारा जागेवर उभा राहतो. वस्त्र मात्र माणसाबरोबर चार लोकांत फिरते. म्हणून ते केवळ अंग झाकून थांबत नाही. ते अंगावर घालणारी व्यक्ती कोण, कुठली, कोणत्या घरची, हे न विचारता सांगून टाकते. स्त्रीच्या वस्त्राच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. प्रस्तुत लेखात आपल्या भागातील स्त्रियांचे पारंपरिक वस्त्र जे लुगडे, त्याचा या दृष्टीने थोडा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

या विषयाकडे वळण्यास एक लहानसा प्रसंग कारणीभूत झाला. मागील वर्षी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात पारंपरिक वेशभूषा दिन होता. आम्ही वर्गातील मुलींनी मिळून नऊवारी भाड्याने आणल्या. त्या शिवलेल्या होत्या. पायजम्यासारख्या पायांत घालायच्या, नाडी बांधायची आणि पदर पिन लावून खांद्यावर टाकायचा. नाकात खोटी नथ, कपाळावर चंद्रकोर. फोटो छान आले. घरी जाऊन मी ते आजीला मोबाईलवर दाखविले. आजीने मोबाईल दूर धरून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे लुगडं कुणाचं गं?"

"भाड्याचं आहे, आजी."

"भाड्याचं ते कळालं मला. पर हाय कुणाचं?"

मला प्रश्नच समजला नाही. "आपलंच की," असे मी म्हणून गेले. आजी हसली आणि उठून जनावरांकडे गेली. पुढे काही दिवसांनी ती जे बोलली त्यावरून तिच्या प्रश्नाचा अर्थ मला कळला. तो शेवटी सांगेन. तोपर्यंत वाचकांनीही तो प्रश्न मनात ठेवावा अशी विनंती आहे. गावातील काही वृद्ध स्त्रियांशी आणि भोकरच्या आठवडी बाजारात भेटलेल्या मावशी-काकूंशी केलेली बोलणी आणि ग्रंथालयात मिळालेले वाचन, एवढ्याच भांडवलावर हा लेख उभा आहे.

लुगडे म्हणजे काय ?

लुगडे नऊ वारांचे असते. एक वार म्हणजे तीन फूट. या हिशेबाने लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर होते. आज सर्वत्र नेसली जाणारी साडी सहावारी म्हणजे साधारण साडेपाच मीटरची असते. पण फरक केवळ लांबीचा नाही. लुगड्याला आतून परकर लागत नाही. कमरेशी वस्त्राचीच गाठ मारतात, पुढे निऱ्या घालून ओचा खोचतात आणि निऱ्यांचा भाग दोन्ही पायांमधून मागे नेऊन कासोटा घालतात. उरलेला भाग पदर होतो. विद्वान लोक अशा नेसणीला 'सकच्छ' आणि कासोटा न घालता गोल नेसण्याच्या पद्धतीला 'विकच्छ' म्हणतात. डॉ. गो. स. घुर्ये यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञाने १९५१ साली भारतीय वेशभूषेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शांताल बूलांजे या फ्रेंच विदुषीने भारतभर फिरून साडी नेसण्याच्या अनेक पद्धती नोंदविल्या आणि १९९७ साली त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. ज्या गोष्टीकडे आपण 'बायकांचे नेसणे' म्हणून पाहतही नाही, तिचा अभ्यास करण्यासाठी इतक्या दूरच्या बाईला यावेसे वाटले, याचे मला आश्चर्य वाटले.

नऊवारी ही घोड्यावर बसण्यासाठी आणि लढाईसाठी निर्माण झाली, असे स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनात नेहमी सांगितले जाते. ऐकायला ते बरे वाटते. परंतु घोडा किती घरांत होता आणि खुरपे किती घरांत होते, याचा विचार केला तर खरे कारण आपल्या शेतातच सापडते. कासोटा घातलेल्या बाईला दिवसभर ओणवे होऊन निंदता येते, चिखलातून चालता येते, बैलगाडीवर चढता येते. कापूस वेचताना पदराची ओटी कमरेला बांधली की दोन्ही हात मोकळे राहतात. पदर गुंडाळला की डोक्यावरची चुंबळ होते. लेकरू झोपवायचे असेल तर जुन्या लुगड्याची झोळी झाडाला बांधता येते. बाजारातून आणलेल्या चिजा ओच्यात राहतात आणि चार पैसे कनवटीला.

आणि लुगडे मरत नाही. बसण्याउठण्याने ते मध्येच विरते. तेव्हा विरलेला भाग कापून टाकून चांगले दोन तुकडे जोडतात, त्याला 'दंड घालणे' म्हणतात. दंडाचे लुगडे आणखी काही वर्षे चालते. त्यानंतर त्याची वाकळ होते, वाकळ फाटली की चिंध्या, चिंध्यांचे पोतेरे. माझ्या आजीच्या वाकळीत तिच्या सासूची दोन लुगडी आहेत. ती कोणती, हे तिला अंधारात बोटांनी चाचपून सांगता येते.

लुगडे काय सांगते ?

लुगड्याचे अंग, काठ आणि पदर या तिन्ही भागांना आपापली भाषा आहे. मराठवाड्यातील पैठण हे पैठणीचे गाव. तिच्या जरीच्या पदरावरील मोर आणि कमळे प्रसिद्ध आहेत आणि २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु पैठणी ही सधन घरांतील पेटीत राहिली. गावोगावच्या कष्टकरी बायांना माहीत असलेले लुगडे म्हणजे सुती पातळ आणि सणावाराला इरकल. हे इरकली लुगडे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील इलकल गावचे. त्याचा तांबडा-पांढरा 'टोप पदर' लांबूनही ओळखू येतो. आपल्या शेजारच्या तेलंगणातील नारायणपेठ येथील साड्याही महाराष्ट्रात नावाजलेल्या आहेत. इलकल आज कर्नाटकात, नारायणपेठ तेलंगणात आणि आपण महाराष्ट्रात, पण राज्यांच्या सीमा आखताना लुगड्याला कोणी विचारले नव्हते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

रंगालाही अर्थ होते. लग्नात आणि डोहाळजेवणात हिरवा रंग, कारण तो पिकाचा आणि भरल्या घराचा. एरव्ही अशुभ मानलेला काळा रंग संक्रांतीला मात्र चालतो. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा घेण्याची रीत प्रसिद्धच आहे. याउलट जुन्या काळी ब्राह्मण घरांतील विधवेचे केशवपन करून तिला तांबडे आलवण नेसावे लागे. तिने कोणता रंग अंगावर घ्यायचा हे तिने ठरविलेले नसे. नवरा गेल्याची बातमी तिच्या वस्त्राने जन्मभर सांगत राहायचे, हे समाजाने ठरविलेले होते.

येथे या विषयाची दुसरी बाजू सुरू होते. वस्त्र बोलते हे खरे, पण त्याच्या तोंडी शब्द कोण घालतो ?

लुगडे घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत की गुडघ्यापर्यंत, हे पुष्कळदा बाईच्या सोयीने ठरत नसे, तर जातीने ठरत असे. कासोटा कसा घालावा, पदर कोणत्या घरच्या बाईने किती ओढावा, अंगावर सोने असावे की चांदी की कथील, या सर्वांचे अलिखित नियम होते. गावाच्या वेशीतून बाई आत आली की तिने तोंड उघडण्यापूर्वीच तिचे घर गावाच्या कोणत्या बाजूला आहे हे कळत असे. विहिरीवर तिला कोठे उभे करायचे हे लुगड्याच्या काठावरून ठरे.

महाड, १९२७

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे नेमके ओळखले होते. महाडच्या सत्याग्रहाचा इतिहास आपण अभ्यासक्रमात शिकतो. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी आणि त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन, एवढे आपल्या लक्षात राहते. पण डिसेंबरच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यात त्यांनी लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी सांगितले. गुडघ्यापर्यंतची नेसण आणि गळ्यात-हातांत घातलेले कथलाचे, चांदीचे जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे. ती टाकून द्या आणि पाय झाकेल असे नीट लुगडे नेसा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. जमलेल्या स्त्रियांनी तेथेच आपली नेसण बदलली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ सालच्या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या कार्याची हकीकत आली आहे.

प्रथम वाचले तेव्हा मला वाटले, तळ्याच्या पाण्यापुढे लुगड्याचा काठ तो काय ? पण विचार करता लक्षात आले की दोन्ही गोष्टी एकच आहेत. तळ्यावर कोण पाणी पिते हे कोणीतरी दुसरा ठरवितो आणि लुगडे कोठपर्यंत नेसायचे हेही कोणीतरी दुसराच ठरवितो. पाण्याची ओंजळ वर्षातून एकदा भरता येईल, लुगडे मात्र रोज सकाळी नेसावे लागते. चार बोटे काठ खाली सोडणे हा त्या स्त्रियांचा रोजचा सत्याग्रह होता.

याचा पुढचा टप्पा १९५६ साली आला. १४ ऑक्टोबर रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी लोक शुभ्र वस्त्रांत जमले होते. तेव्हापासून बौद्ध स्त्रिया वंदनेला, जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरी साडी नेसतात. शेजारच्या अनेक घरांत पांढरा रंग हा विधवेचा, नकोसा. बौद्ध वस्तीत तोच मंगल प्रसंगाचा. म्हणजे रंग तोच, सूत तेच, पण अर्थ ज्यांनी वस्त्र नेसले त्यांनी नव्याने दिला. एखाद्या समाजाने आपली ओळख आपल्या हाताने लिहिल्याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

तांड्यावरचा फेटिया

याउलट दिशेचा प्रश्न आमच्या वर्गातील एका बंजारा मैत्रिणीने माझ्यापुढे उभा केला. भोकर, हिमायतनगर, किनवट, माहूर या पट्ट्यात बंजारा तांडे पुष्कळ आहेत. तांड्यावरील वृद्ध स्त्रियांचा पोशाख म्हणजे घेरदार फेटिया, पाठीवर कसांनी बांधलेली कांचळी आणि डोक्यावरून घेतलेली टुकरी. त्यांवर आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचे भरतकाम. कानांजवळ केसांत गुंफलेली घुगरी आणि हातभर बलिया. ही घुगरी सवाष्णीची खूण असते. म्हणजे आपल्याकडे जे कुंकू आणि हिरवा चुडा सांगतो, ते तेथे घुगरी सांगते.

बंजारा समाज पूर्वी बैलांच्या तांड्यावरून मीठ आणि धान्य यांची वाहतूक करीत असे. रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यावर तो धंदा बसला. पुढे इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि देशातील अनेक भटक्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. हा कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला. कायदा गेला तरी लोकांच्या नजरेतील शिक्का लवकर गेला नाही. मैत्रीण सांगत होती की तिच्या आजीने फेटिया कधी सोडला नाही, पण आईने लग्नानंतर काही वर्षांतच साडी धरली. कारण एस. टी. स्टँडवर आणि दवाखान्यात गेले की फेटिया पाहून लोक बाजूला सरकत आणि बोलण्याचा सूर बदलत. साडी नेसून गेले की तेच लोक 'ताई' म्हणत.

आता मौज पाहा. कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेच आरसे आणि त्याच कवड्या आज शहरातील दुकानांत पिशव्यांवर, जाकिटांवर महाग दराने विकल्या जातात. मैत्रीण म्हणाली, "आमच्या आजीच्या अंगावर होतं तेव्हा ते मागासलेपण होतं आणि शहरातल्या बाईच्या खांद्यावर गेलं की ती कला झाली."

तिच्या या वाक्याने माझी अडचण वाढविली. महाडच्या स्त्रियांनी जुनी नेसण टाकली, ते मुक्तीचे पाऊल होते. मग मैत्रिणीच्या आईने फेटिया टाकला तेही मुक्तीचेच पाऊल म्हणावे का ? मला वाटते, नाही. पहिल्या ठिकाणी लादलेली खूण झुगारून दिली. दुसऱ्या ठिकाणी स्वतःची आवडीची खूण लोकांच्या भीतीने उतरवून ठेवावी लागली. बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, बाईने जुने वस्त्र सोडले एवढेच. फरक पाहायचा असेल तर निर्णय कोणाचा होता, हे विचारावे लागते.

जावा बेटावरील एक मुलगी

ही चर्चा आमच्या इतिहासाच्या सरांजवळ काढली तेव्हा त्यांनी मला इंडोनेशियातील जावा बेटावरील स्त्रियांच्या पोशाखाविषयी वाचण्यास सांगितले. तेथील स्त्रिया कमरेला बाटिकचे वस्त्र गुंडाळतात आणि वर समोरून उघडणारा केबाया घालतात. खांद्यावर सेलेंदांग नावाचा लांब पट्टा असतो. त्यात लेकरूही बांधतात आणि बाजारही. म्हणजे आपल्या पदराची आणि झोळीची ती बहीणच.

बाटिक म्हणजे मेणाने नक्षी काढून रंगविलेले कापड. सुराकार्ता आणि योग्यकार्ता येथील राजघराण्यांनी 'पारांग' नावाच्या तिरप्या लाटांसारख्या नक्षीसह काही नक्ष्या स्वतःसाठी राखून ठेवल्या होत्या. सामान्य माणसाला त्या वापरण्यास मनाई होती. येथे लुगड्याची लांबी, तेथे कापडावरची नक्षी. समुद्र ओलांडला तरी माणसाचा स्वभाव तोच.

याच जावात २१ एप्रिल १८७९ रोजी कार्तिनी नावाची मुलगी जन्मली. घर खानदानी होते, तरी साधारण बाराव्या वर्षी रीतीप्रमाणे तिची शाळा बंद झाली आणि तिला घरात ठेवण्यात आले. तिने आपल्या डच मैत्रिणींना पत्रे लिहिली आणि त्यांत मुलींचे शिक्षण, बालविवाह, बहुपत्नीत्व यांविषयी परखड विचार मांडले. १९०४ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर ती वारली. पुढे १९११ साली तिची पत्रे पुस्तकरूपाने निघाली. १९६४ पासून तिचा जन्मदिवस इंडोनेशियात सरकारी पातळीवर पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून मुली केबाया नेसून येतात. २०२४ साली युनेस्कोने केबायाची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. बाटिकची नोंद २००९ सालीच झाली होती.

हे वाचून मी थोडी थांबले. जिने आयुष्यभर शाळा मागितली तिची आठवण आज मुली नटून ठेवतात. तिच्या पत्रांपेक्षा तिचा पोशाख अधिक लक्षात राहतो, असे तेथील काही विचारवंतांनाही वाटते. आपल्या पारंपरिक वेशभूषा दिनाचे यापेक्षा वेगळे काय आहे ?

याच काळातील आपल्याकडील एक चित्रही ध्यानात घेण्यासारखे आहे. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेत असतानाचे १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात एक जपानची, एक सिरियाची आणि आनंदीबाई अशा तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. तेथे साडी त्यांनी अंगावरून उतरविली नाही. कारण हजारो मैलांवर ती त्यांची स्वतः निवडलेली ओळख होती. मात्र त्या डॉक्टर झाल्या त्या साडीमुळे नव्हे, अभ्यासामुळे, हेही विसरता येत नाही.

सहावारी आणि आमची आई

सहावारी गोल साडी ही देखील काही अनादिकाळापासूनची नाही. एकोणिसाव्या शतकात पारशी आणि गुजराती स्त्रियांच्या नेसणीचा प्रभाव पडून तिचे आजचे रूप हळूहळू घडले. रवींद्रनाथ टागोरांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी १८६० नंतरच्या काळात पतीबरोबर मुंबईस राहिल्या आणि तेथे पाहिलेल्या पारशी पद्धतीवरून त्यांनी बंगालमध्ये नवी नेसण रूढ केली, असा इतिहास आहे. महाराष्ट्रात शिकलेल्या स्त्रियांनी गोल पातळ आधी धरले. खेड्यांत ते फार उशिरा पोचले.

आमच्या घरी ते आईबरोबर आले. आई शेतमजुरी करते. मी तिला विचारले, "तू लुगडं का नाही नेसलीस ?" तिचे उत्तर कोणत्याही ग्रंथात मिळाले नसते. ती म्हणाली, "नऊ वार कापड धुवायला पाणी किती लागतं, वाळवायला दोरी किती लागती ? ह्या साड्या झटकल्या की वाळत्यात." परंतु तिने आणखी एक गोष्ट सांगितली. सहावारी साडी दुकानात सर्वांना एकच मिळते आणि सर्वजणी तिला एकाच रीतीने नेसतात. बाजारात गेले की कोण कोणत्या गल्लीची हे साडीवरून कळत नाही. "तेवढं तरी बरं झालं," एवढेच बोलून तिने विषय संपविला. यंत्रमागाच्या स्वस्त साडीने कारागिराचा माग बंद पाडला, हे आपण दुःखाने म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच साडीने काही जणींच्या पाठीवरचे ओझे उतरविले, हेही त्याच दमात म्हणावयास हवे.

आजीचा प्रश्न

आता आजीच्या प्रश्नाकडे येते. दिवाळीच्या सुट्टीत तिची पेटी उन्हात ठेवताना तळाशी एक लुगडे निघाले. गर्द हिरवे, बारीक काठाचे, मधोमध दंड घातलेले. ते तिच्या लग्नातले. मी म्हटले, पुढच्या वेळी स्नेहसंमेलनात मी हेच नेसेन. तेव्हा ती सांगू लागली.

तिची आई म्हणजे माझी पणजी निजामी राजवटीतली. तिला गावात शिरताना लुगडे पोटरीच्या वर खोचावे लागे. काठ खाली दिसला तर कोणी ना कोणी हटकत असे. नवे लुगडे मिळाले तरी ते आधी घरी नेसून जुने करायचे आणि मगच गावात घालायचे, कारण नव्याचा रंग लोकांच्या डोळ्यांत येई. पुढे पोलिस अॅक्शन झाली, निजाम गेला, बाबासाहेबांचे नाव वस्तीत आले. आजीच्या लग्नात तिच्या आईने तिला स्वतःच्या हाताने हे हिरवे लुगडे नेसविले आणि काठ टाचेपर्यंत सोडला. तशीच तिची वरात गावातून गेली. आजी म्हणाली, "माय लुगड्याकडं बघत नव्हती, समद्यांच्या तोंडाकडं बघत होती. कुणी काही बोलतंय का म्हणून."

"तुझ्या त्या फोटूत समद्या पोरी एकसारख्या होत्या. चांगलं दिसत होतं. म्हणून इचारलं, कुणाचं हाय. आमचं आसं नव्हतं माय. आमचं निराळं होतं."

मी ज्याला 'आपले पारंपरिक वस्त्र' म्हणून भाड्याने आणले होते, ते माझ्या पणजीने नेसले असते तर तिला मार बसला असता. परंपरा हा शब्द आपण एकवचनी वापरतो. प्रत्यक्षात एकाच गावात, एकाच विहिरीभोवती तीन-चार परंपरा उभ्या होत्या आणि त्या एकमेकींपासून अंतर राखून उभ्या होत्या. भाड्याच्या शिवलेल्या नऊवारीत ते अंतर दिसत नाही. एका अर्थाने हे चांगलेच आहे, कारण आज सर्व जातींच्या मुली एका रांगेत तीच नऊवारी नेसून उभ्या राहू शकतात आणि कोणी हटकत नाही. माझ्या आजीला त्या फोटोत तेच दिसले असावे. पण ती रांग सहज तयार झालेली नाही. ती कोणाच्या तरी टाचेपर्यंत सोडलेल्या काठाने तयार झाली आहे, हे आम्हा मुलींना माहीत असले पाहिजे.

समारोप

या लहानशा अभ्यासातून मला जे समजले ते असे. वस्त्रामुळे ओळख मिळते हे अर्धे सत्य आहे. लादलेले वस्त्र ही ओळख नसून शिक्का आहे, मग ते विधवेचे आलवण असो की पोटरीच्या वर खोचलेला काठ. आणि लाजेने सोडावे लागलेले वस्त्र हीही सुधारणा नव्हे, तो तोटा आहे. जुने नेसावे की नवे, हा प्रश्न दुय्यम आहे. नेसणारीला ते ठरविता येते की नाही, हा खरा प्रश्न आहे. मी महाविद्यालयात पंजाबी ड्रेस घालून येते, आई सहावारी नेसते आणि आजी लुगडे. तिघींनी आपापले स्वतः निवडले आहे. आमच्या घराच्या इतिहासात ही गोष्ट प्रथमच घडते आहे.

शेवटी प्राध्यापकवर्गास आणि विद्यार्थी मित्र-मैत्रिणींस एक विनंती करावीशी वाटते. यापुढे पारंपरिक वेशभूषा दिन साजरा करताना प्रत्येकीने आपल्या घरातील जुने वस्त्र कोणाचे, कसे नेसत, कोणाला नेसू देत नसत, हे आजीला किंवा पणजीला विचारून एका कागदावर लिहून आणावे. फेटिया, कांचळी, इरकल, दंड, ओचा, कनवटी हे शब्द आणि त्यांच्यामागच्या हकिकती सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. ते कागद महाविद्यालयाने जपून ठेवावेत. पहिला कागद माझा असेल.

आजीकडून लुगडे नेसावयास मी शिकते आहे. कासोटा अजून नीट बसत नाही, चालताना सुटतो. आजी म्हणते, "सुटू दे. काठ तेवढा वर घेऊ नको."